रात्री घट्ट, सकाळी पाणी: कॉर्नफ्लोअरचं पुडिंग नेमकं कुठं बिघडतं

रात्री दहाच्या सुमाराला फ्रीज उघडून बघावं तर वाट्यांमधलं पुडिंग छान धरलेलं असतं. वाटी तिरकी केली तरी जागचं हलत नाही. सकाळी त्याच वाटीच्या कडेनं पाण्याची रेघ दिसते, आणि चमच्यानं एक घास काढला की त्या खड्ड्यात बघता बघता पाणी साचतं. दुपारपर्यंत निम्मं पुडिंग आणि निम्मं पाणी.

दूध, साखर, कॉर्नफ्लोअर आणि थोडा व्हॅनिला, एवढ्याच जिनसांचं हे पुडिंग. अंडं नाही, जिलेटिन नाही, ओव्हन नाही. पाहुणे दारात आले आणि बाजारात जायला वेळ नसला तरी होण्यासारखं. म्हणूनच ते पुन्हा पुन्हा बिघडलं की जास्त वाईट वाटतं. माझं जवळजवळ दोन वर्षं बिघडत होतं. एकदा होळीनंतरच्या भिशीला मी आदल्या रात्री चौदा वाट्या भरून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी चार वाजता बायका जमल्या तेव्हा प्रत्येक वाटीत कडेला पाणी. कुणी काही बोललं नाही, पण निम्म्या वाट्या तशाच परत आल्या. त्या धुताना मी ठरवलं की हे कशानं होतं ते शोधल्याशिवाय पुन्हा कुणापुढं ठेवायचं नाही. पुढं जे लिहिलंय ते एकेका वेळी एकच गोष्ट बदलून, वाट्यांना चिठ्ठ्या लावून, दुसऱ्या दिवशी बघून लिहिलंय.

पीठ वाढवून प्रश्न सुटत नाही

ज्याला विचारावं तो एकच सांगतो: पीठ कमी पडलं, चमचाभर वाढव. माझ्या जाऊबाईंनी सांगितलं, माहेरून आईनं फोनवर सांगितलं, आणि मीही ते केलं. अर्ध्या लिटरला तीन चमचे घालत होते, त्याचे चार केले, मग पाच. पाणी थोडं कमी झालं, पण पुडिंग जिभेवर पिठूळ लागायला लागलं. चमचा घातला की लुसलुशीत घास निघायच्या ऐवजी वडी तुटावी तसा तुकडा निघायचा. मुलांनी दोन घास खाऊन वाट्या बाजूला सारल्या. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघितलं तर पाणी होतंच. तेव्हा लक्षात आलं की मोजमापात काही गडबड असेलही, पण मूळ दुखणं दुसरीकडं आहे.

ते सापडलं सासूबाईंमुळं. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. त्यांनी आयुष्यात कॉर्नफ्लोअर हाताळलेलं नाही. त्या दिवशी त्यांनी वाटीतलं थोडं पुडिंग दोन बोटांत घेऊन चोळलं, जिभेला लावलं आणि म्हणाल्या, "अगं, ह्यातलं पीठ कच्चं हाय. चीक कच्चा राहिला की कुरडईचा भुगा होतो बघ, तसंच झालंय हे."

ज्यांनी घरी कुरडया घातल्यात त्यांना पुढचं समजावून सांगायची गरज नाही. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून पिळून चीक काढायचा आणि तो रात्रभर खाली बसू द्यायचा. वरचं पाणी ओतून टाकायचं, आधणात चीक सोडून घोटत राहायचं. चीक घट्ट तर लगेच होतो. दोन-चार मिनिटांत लाटणं फिरेनासं होतं. पण तिथं कुणी गॅस बंद करत नाही. पांढरेपणा जाऊन चकाकी येईपर्यंत, ओलं बोट लावलं तर चिकटत नाही तोपर्यंत आत्या पातेलं उतरवू देत नाहीत. आणि मग सोऱ्यात भरायच्या आधी त्यातलाच गरम चीक वाटीत घेऊन दूध-साखर घालून मुलांना मिळतो. खरं तर आपल्याकडचं सगळ्यात जुनं पुडिंग तेच आहे.

कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचा चीकच. मक्याच्या दाण्यातून बाकी सगळं काढून टाकून उरलेलं निव्वळ सत्त्व. त्याचा कण गार दुधात नुसता तरंगतो आणि थोड्या वेळानं तळाशी बसतो. दूध तापून ६२ ते ७२ अंशांच्या आसपास गेलं की कण पाणी पिऊन फुगायला लागतात आणि दूध दाट व्हायला सुरुवात होते. पण ते पुरते फुगून, त्यांच्यातलं सत्त्व बाहेर येऊन सगळ्या दुधाला धरून ठेवायला ९५ अंशांच्या जवळपास जावं लागतं. म्हणजे दूध दाट दिसणं आणि पीठ शिजणं यांत बरंच अंतर आहे. आपण नेमके त्या अंतरात गॅस बंद करतो. दाट झालं, आता खाली लागेल, अशी भीती वाटते आणि हात बटणाकडं जातो. अर्धवट फुगलेला कण गार झाल्यावर पाणी धरून ठेवू शकत नाही, रात्रभरात ते सोडून देतो.

पिठलं आपण असं कधी उतरवत नाही. बेसन घातलं, घट्ट झालं, की झाकण ठेवून चांगली वाफ काढतो, कारण नाहीतर कच्चट वास राहतो हे सगळ्यांना माहीत आहे. पुडिंगला दुधाचा, साखरेचा आणि व्हॅनिलाचा वास असतो, त्यामुळं कच्चेपणा झाकला जातो, एवढाच फरक.

एकाच पातेल्यातल्या तीन वाट्या

हे पटलं तरी खात्री करून घ्यावीशी वाटली. अर्धा लिटर दुधाचं एकच पुडिंग लावलं. घट्ट झाल्याबरोबर, एकही बुडबुडा यायच्या आधी, त्यातली एक वाटी भरून घेतली. बाकीचं मंद आचेवर तसंच ढवळत ठेवलं. थोड्या वेळानं मधोमध एक जाड, आळशी बुडबुडा वर आला आणि फट्‌ आवाज करून फुटला. तिथून घड्याळ लावून पूर्ण दोन मिनिटं रटरटू दिलं आणि दुसरी वाटी भरली. उरलेलं पातेल्यातच ठेवलं, कोमट झाल्यावर चमच्यानं भराभर घोटून गुळगुळीत केलं आणि तिसऱ्या वाटीत ओतलं. तिन्ही वाट्या फ्रीजच्या एकाच कप्प्यात.

सकाळी पहिल्या वाटीतून मोठा चमचाभर पाणी निघालं. पुडिंगचा पोत रवाळ होता, बोटांत चोळलं की बारीक कण जाणवत होते. दुसऱ्या वाटीत कडेला नखाएवढा ओलावा, बाकी कोरडं, आणि वरून बघितलं तर पृष्ठभागाला चकाकी. तिसरी वाटी धरलीच नव्हती. ती दह्याचं घट्ट ताक असावं तशी हलत होती, आणि खाली पाणी वेगळं.

तिसऱ्या वाटीनं मला भिशीच्या दिवसाचं उत्तर दिलं. त्या रात्री मी पीठ कच्चं ठेवलं होतंच, वर पातेलं पंख्याखाली गार करून, गुठळ्या दिसल्या म्हणून रवीनं घुसळून मग वाट्या भरल्या होत्या. सत्त्व गार होता होता आपली जाळी विणत असतं. ती विणली जात असताना ढवळलं की तुटते आणि परत तशी जुळत नाही. म्हणून पुडिंग कढत असतानाच वाट्यांत ओतायचं, आणि एकदा ओतलं की हात लावायचा नाही. घोटायचं तेवढं गॅसवर घोटा.

याचा उलटा टोकाचा प्रकारही होतो, तेही सांगते. जास्त शिजलं तर जास्त चांगलं असं समजून एकदा मी दहा मिनिटं जोरात उकळत, जोरात फेटत ठेवलं. फुगलेले कण फुटून पुडिंग परत पातळ झालं. पहिल्या बुडबुड्यानंतर दोन मिनिटं, हात हळू, आच मंद. माझ्या मावसबहिणीकडं महाबळेश्वरला मात्र मी तीन मिनिटं ठेवते. तिथं सुमारे १,३५० मीटर उंचीवर पाणीच ९५-९६ अंशांना उकळतं, म्हणजे पिठाला जेवढी उष्णता हवी तेवढीच कशीबशी मिळते. साताऱ्यात ही अडचण येत नाही.

आधी पाणी कुठं आहे ते बघा

पाणी दिसलं की लगेच पिठाला दोष देऊ नका. वाटी उजेडात धरून पाणी कुठं आहे ते नीट बघा.

पाणी नुसतं वरच्या पृष्ठभागावर थेंबाथेंबानं असेल, आणि थेंबांखाली बारीक खळगे पडले असतील, तर ते पुडिंगचं पाणी नाहीच. ते झाकणाचं आहे. कढत वाटीवर ताटली ठेवली की वाफ ताटलीला लागते, थंड होते आणि खाली टपकते. ढोकळा किंवा खरवस वाफवताना आपण झाकणाला फडकं बांधतो ते याचसाठी. इथंही तेच करा. ताटलीखाली कोरडं पातळ सुती फडकं ठेवा किंवा पुडिंग कोमट होईपर्यंत जाळीखाली उघडं राहू द्या आणि मग झाका. उघडं ठेवलं की वर साय धरते. ज्यांना ती आवडत नाही त्यांनी तूप लावलेला बटरपेपर थेट पृष्ठभागावर टेकवून ठेवावा. आमच्याकडं ती साय कोण खाणार यावरून भांडणं होतात, म्हणून मी कागद लावत नाही.

पाणी कडेनं आणि तळाशी असेल तर ते पुडिंगनं सोडलेलं. एका दिवसात सुटलं असेल तर पीठ कच्चं राहिलं किंवा गार होताना ढवळलं गेलं. तिसऱ्या दिवशी थोडं सुटलं असेल तर मात्र काळजी करू नका, तो सत्त्वाचा धर्मच आहे. शिळा भात कडक होतो, शिळी भाकरी वाळते, तसंच इथंही शिजलेलं सत्त्व दिवस जातील तसं आकसतं आणि आतलं पाणी बाहेर ढकलतं. कितीही नीट केलं तरी हे पुडिंग दुसऱ्या दिवसापर्यंतच खरं.

आणि जर पाणी फक्त ज्या ठिकाणी चमचा घातला होता तिथूनच सुटत असेल, बाकी वाटी ठणठणीत असेल, तर पुढचा भाग नीट वाचा.

उष्टा चमचा

हे मला सगळ्यात उशिरा कळलं आणि सगळ्यात जास्त आश्चर्य याचंच वाटलं.

दोन मिनिटं रटरटवून, गार होताना हात न लावता केलेलं एक मोठं भांडं मी फ्रीजमध्ये ठेवलं होतं. रात्री धाकटा उठून चार चमचे खाऊन गेला, त्याच चमच्यानं, भांड्यातूनच. सकाळी त्या भांड्याचा एक कोपरा पार पातळ झालेला. बाकीचं जसंच्या तसं. मला वाटलं फ्रीजचा दरवाजा उघडा राहिला असेल. पण आठवड्याभरानं पुन्हा तेच झालं, पुन्हा चमचा घातलेल्या जागीच.

आपल्या लाळेत एक पाचक द्रव्य असतं, त्याला अमायलेज म्हणतात. त्याचं कामच सत्त्व तोडून त्याची साखर करणं. भाकरीचा घास बराच वेळ चावत राहिलं की गोड लागतो तो यामुळंच. उष्ट्या चमच्याला लागलेली एवढीशी लाळ पुडिंगमध्ये गेली की ती तिथंही आपलं काम करत राहते. फ्रीजच्या गारठ्यात तिचा वेग कमी होतो, पण थांबत नाही.

मी करून बघितलं. दोन छोट्या वाट्यांत त्याच पुडिंगचे चार-चार चमचे घेतले, दोन्ही ओट्यावर ठेवल्या. एक स्वच्छ चमच्यानं ढवळली, दुसरी तोंडात घालून काढलेल्या चमच्यानं. थोड्याच वेळात दुसरी वाटी इतकी पातळ झाली की तिरकी केल्यावर दुधासारखी वाहिली. पहिली ढवळल्यामुळं सैल झाली होती, पण घट्टच होती. ज्याला यावर विश्वास बसत नसेल त्यानं हे एकदा घरी नक्की करावं, मुलांना तर दाखवावंच.

आत्यांच्या घरात उष्ट्या चमच्यानं भांड्यातलं घ्यायचं नाही हा कडक नियम होता आणि मी लग्न होऊन आल्यावर मला तो जाच वाटायचा. लोणच्याच्या बरणीला तो लागू आहे हे माहीत होतं, पुडिंगला इतका लागू असेल असं वाटलं नव्हतं. आता मी पुडिंग मोठ्या भांड्यात लावतच नाही. ज्याची त्याची वाटी, ज्याचा त्याचा चमचा. गोडी बघायची असेल तर गॅसवर असतानाच, पळीतून ताटलीत घेऊन बघायची.

अंडं घालून करणाऱ्यांनाही हेच लक्षात ठेवावं लागतं. अंड्याच्या पिवळ्या बलकात तसंच सत्त्व तोडणारं द्रव्य असतं. बलक फाटेल या भीतीनं पुडिंग उकळू दिलं नाही तर ते द्रव्य जिवंत राहतं आणि रात्रभरात पुडिंग पातळ करून टाकतं. कॉर्नफ्लोअर सोबत असेल तर बलक सहजासहजी फाटत नाही, त्यामुळं बिनधास्त बुडबुडे येऊ द्या.

गूळ, स्ट्रॉबेरी, फ्रीजर

आपल्याकडं साखरेऐवजी गूळ घालावासा वाटतोच. कऱ्हाड-कोल्हापूरकडचा चांगला गूळ घरात असताना साखर कशाला, हे मलाही पटतं. पण उकळत्या दुधात गुळाचा खडा टाकला की बऱ्याचदा दूध फाटतं, कारण गुळात थोडी आंबट बाजू असते. आधी बिनसाखरेचं पुडिंग पूर्ण शिजवून घ्या. गूळ वेगळ्या भांड्यात दोन चमचे पाण्यात विरघळवून, गाळून, गार करून ठेवा. गॅस बंद केल्यावर पाचेक मिनिटांनी, पुडिंग अजून गरम आणि वाहतं असतानाच, तो पाक हलक्या हातानं मिसळा आणि लगेच वाट्या भरा. शिजलेलं सत्त्व दुधाला बऱ्यापैकी सांभाळून घेतं. पाकातलं पाणी धरून दूध तेवढं कमी घ्या.

हिवाळ्यात महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी आली की ती पुडिंगमध्ये शिजवायचा मोह होतो. शिजवू नका. आंबटपणा आणि उष्णता एकत्र आली की दूधही फाटतं आणि सत्त्वही तुटतं. फोडी वर घालायच्या असतील तर वाढायच्या वेळी घाला, आणि त्यांना साखर चोळून ठेवू नका. साखर लावलेल्या फोडींना अर्ध्या तासात पाणी सुटतं आणि पुन्हा आपण पुडिंगला दोष देतो. आदल्या रात्रीच वर काही घालायचं असेल तर कोरडं घाला. मी कंदी पेढा हातानं चुरून घालते. खवा खमंग भाजलेला असल्यानं तो ओलावा सोडत नाही, आणि साध्या दुधाच्या पुडिंगवर त्याची चव फार चांगली लागते. सांगलीची बहीण पाठवते ते बेदाणे मात्र मी आतच घालते. ते सुटं पाणी पिऊन टपोरे होतात.

लवकर धरावं म्हणून फ्रीजरमध्ये कधीही ठेवू नका. बर्फ झाला की जाळी फाटते, आणि वितळल्यावर स्पंज पिळावा तसं पाणी निघतं. फ्रीजच्या मागच्या भिंतीला अगदी चिकटवूनही ठेवू नका, काही फ्रीजमध्ये तिथं बर्फ धरतो.

गुठळ्या होतात त्या गरम दुधात पीठ टाकल्यामुळं. पिठाच्या गोळीचं बाहेरचं आवरण लगेच शिजतं आणि आत कोरडं पीठ अडकून राहतं. गार दुधात कालवलं की होत नाहीत. झाल्याच तर गरम असतानाच गाळणीतून गाळून परत गॅसवर ठेवा. मिक्सरमध्ये फिरवू नका, फुगलेले कण फुटतात.

पीठ कोणतं, किती

किराणा दुकानात मक्याचं पीठ मागितलं तर काही वेळा पिवळं, भाकरीचं पीठ मिळतं. ते संपूर्ण दाण्याचं दळण, त्याचं पुडिंग होत नाही. कॉर्नफ्लोअर पांढरंशुभ्र असतं, आणि ओळखायची सोपी खूण म्हणजे चिमूट दोन बोटांत दाबली की ते करकर वाजतं, कोरड्या बर्फावर पाय पडावा तसं. मैदा किंवा तांदळाची पिठी अशी वाजत नाही. कस्टर्ड पावडर वापरलीत तरी चालेल, तिच्यात मुख्य कॉर्नफ्लोअरच असतं, त्यात रंग आणि वास मिसळलेला. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८३७ मध्ये ती बनवली, कारण त्यांच्या बायकोला अंडं चालत नव्हतं. त्यामुळं वर जे जे सांगितलं ते कस्टर्डलाही तसंच लागू.

मापाचा गोंधळ फार मोठा आहे. कुणाची वाटी लहान, कुणाची मोठी. पोह्याचा चमचा वेगळा, वाढायचा वेगळा. त्यात शिगोशीग भरलेला चमचा सपाट चमच्याच्या जवळजवळ दुप्पट होतो. म्हणून मी दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी आणि कॉर्नफ्लोअरचं १०० ग्रॅमचं पाकीट हीच दोन मापं धरते. पाकीट ताटात ओतून सुरीनं चार सारखे भाग करायचे. एक भाग म्हणजे २५ ग्रॅम, तो अर्ध्या लिटरला. वाटीतून चमच्यानं खायच्या मऊ पुडिंगला एवढं पुरतं. साच्यातून उलटं काढून ताटात ठेवायचं असेल तर ४० ग्रॅम लागतं. म्हशीचं सायीचं दूध असेल तर एखादा लहान चमचा कमीच घाला, ते मुळात दाट असतं. कोको घालणार असाल तर त्यातही सत्त्व असतं, तेव्हा पीठ थोडं कमी, आणि कोको आधी साखरेत कोरडाच मिसळून घ्या.

करताना मी जाड बुडाचं पातेलं आधी पाण्यानं विसळून घेते, पुसत नाही, म्हणजे दूध खाली लागायचं प्रमाण कमी होतं. पिशवीतलं अर्धी वाटी गार दूध बाजूला काढून त्यात २५ ग्रॅम कॉर्नफ्लोअर बोटांनी कालवते. बोटांनीच, कारण तळाशी बसलेला थर चमच्याला कळत नाही. उरलेल्या दुधात ५० ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ घालून उकळी येऊ देते. मग आच मंद. कालवलेलं पीठ तोवर परत तळाशी जाऊन चुन्यासारखं घट्ट बसलेलं असतं, ते बोटानं खरवडून पुन्हा एकजीव करायचं आणि बारीक धारेनं सोडायचं, दुसऱ्या हातानं ढवळत. हे खरवडायचं विसरलं तर निम्मं पीठ वाटीतच राहतं आणि मग पुडिंग घट्टच होत नाही. माझं तसंही दोनदा झालंय. घट्ट झाल्यावर पहिला बुडबुडा, तिथून दोन मिनिटं, कालथा तळाला घासत. बंद करून अर्धा लहान चमचा व्हॅनिला आणि एक चमचा तूप, आणि कढत असतानाच वाट्यांत.

झालेलं कसं वाचवायचं

सकाळी फ्रीज उघडलात आणि पाणी दिसलं, पाहुणे संध्याकाळी येणार आहेत, तर आधी बोटांत चोळून बघा. रवाळ लागत असेल आणि उष्टा चमचा लागलेला नसेल तर पीठ कच्चं आहे, त्याला अजून संधी आहे. सगळ्या वाट्या पाण्यासकट पातेल्यात ओता, मंद आचेवर हळू ढवळत परत बुडबुडे येईपर्यंत तापवा, दोन मिनिटं ठेवा, पुन्हा वाट्या भरा. पहिल्याइतकं लुसलुशीत होत नाही, पण पाणी थांबतं.

गुळगुळीत लागत असेल आणि तरी पाणी असेल तर ते ढवळून मोडलेलं किंवा शिळं झालेलं आहे. त्याला परत तापवू नका. वाटी तिरकी करून पाणी ओतून टाका, कडा टिपून घ्या आणि तसंच वाढा. फारच सैल असेल तर केळी आणि डाळिंबाचे दाणे घालून त्याचं फ्रूट सॅलड करा, तिथं सैलपणाच हवा असतो.

उष्ट्या चमच्यानं पातळ झालेलं मात्र परत घट्ट होत नाही.  ते त्याच दिवशी घरच्यांनी दुधासारखं पिऊन संपवावं.

तळाला लागलं असेल, करपट वास येत असेल, तर खरवडू नका. वरचं अलगद दुसऱ्या भांड्यात ओतून घ्या आणि एक चमचा चाखून बघा. चवीत धूर उतरला असेल तर वेलदोडा घालूनही तो झाकला जात नाही. अर्धा लिटर दूध परत आणायचं, आणि या वेळी आच अजून एक बोट कमी ठेवायची.